ॲमाईनने सीओटू काढायचं युनिट: पकडणं सोपं, सोडवणं महाग

गॅसमधून सीओटू (कार्बन डायऑक्साइड) पकडायला ॲमाईनला, म्हणजे अमोनियाच्या घराण्यातल्या या रसायनाला, शिकवावं लागत नाही, समोर आला की ते पकडतंच. खरं काम आहे ते पकडलेला सीओटू त्याच्याकडून परत सोडवून घ्यायचं, आणि स्टीम, पैसा, रात्रीची झोप सगळं तिथंच जातं. नवीन पोरं प्लांटवर आली की दिवसभर ॲबसॉर्बरच्या (पकडायच्या टॉवरच्या) आउटलेट ॲनालायझरकडे बघत बसतात, मी त्यांना आधी स्ट्रिपरच्या (सोडवायच्या टॉवरच्या) खाली, सोल्युशन उकळणाऱ्या रिबॉयलरपाशी उभं करतो. हा लेख त्याच क्रमाने लिहिलाय. उदाहरण घेतलंय साखर कारखान्याच्या प्रेसमडवर (रस गाळून उरलेल्या मळीवर) चालणाऱ्या सीबीजी, म्हणजे कॉम्प्रेस्ड बायोगॅस, प्लांटचं, कारण आपल्याकडे सध्या तेच जास्त उभे राहतायत आणि बऱ्याच ठिकाणी ॲमाईन युनिट हे काहीतरी जादूचं खोकं समजून चालवलं जातं. पण तत्त्व सगळीकडे एकच, खत कारखाना असो की नॅचरल गॅस. आर. आर. बॉटम्स या इंजिनिअरला १९३० मध्ये या पद्धतीचं अमेरिकन पेटंट मिळालं, आणि आजचा फ्लो डायग्राम त्याच्या शेजारी ठेवला तर मूळ सांगाडा तोच दिसतो.

आधी सांगाडा बघू. थंड, रिकामं ॲमाईन, ज्याला आपण लीन म्हणतो, ॲबसॉर्बरच्या वरून खाली येतं, गॅस खालून वर जातो. खाली भरलेलं ॲमाईन जमतं ते रिच. ते पंपाने लीन-रिच एक्स्चेंजरमधून तापवत स्ट्रिपरच्या डोक्यावर न्यायचं, खालून रिबॉयलरची वाफ वर येते, ती सीओटू हुसकावून लावते. वरून सीओटू आणि पाण्याची वाफ बाहेर, कंडेन्सरमध्ये पाणी परत मिळवायचं, खालचं गरम लीन त्याच एक्स्चेंजरमधून आणि मग कूलरमधून थंड करून पुन्हा ॲबसॉर्बरवर. बस, एवढंच चक्र.

पायरी १: गॅस नीट ओळखा

डिझाईनला बसायच्या आधी गॅसचा ॲनालिसिस हवा, तोही एका दिवसाचा नाही. प्रेसमडच्या बायोगॅसमध्ये साधारण ३५ ते ४५ टक्के सीओटू असतो, बाकी मिथेन, शिवाय एचटूएस (हायड्रोजन सल्फाईड) शेकड्यांपासून हजारांपर्यंत पीपीएम (दहा लाखात इतके भाग), अमोनिया थोडा, पाणी पूर्ण सॅच्युरेटेड. तुम्हाला पोचायचंय कुठे ते बायोगॅसच्या भारतीय मानकात, आयएस १६०८७ मध्ये, लिहिलंय: मिथेन किमान ९० टक्के, सीओटू जास्तीत जास्त ४, ऑक्सिजन ०.५, एचटूएस २० मिलिग्रॅम प्रति घनमीटर.

इथे एक गोष्ट लोक हमखास विसरतात, ॲमाईन फक्त आम्लधर्मी वायू पकडतं, नायट्रोजन आणि ऑक्सिजनला हातही लावत नाही. म्हणजे सीओटू गेला की ते उलट दाट होतात. समजा एचटूएस मारायला डायजेस्टरमध्ये (प्रेसमड कुजवून गॅस काढायच्या टाकीत) हवा सोडता आणि कच्च्या गॅसमध्ये २ टक्के हवा राहिली. १०० घनमीटरमधले ४० सीओटूचे गेले, उरले ६०, त्यात २ हवा म्हणजे ३.३ टक्के, आणि ऑक्सिजन ०.७. झालं, स्पेसिफिकेशनच्या बाहेर, आणि ॲमाईन युनिट कितीही चांगलं चालवा ते सुधारणार नाही. वर तोच ऑक्सिजन ॲमाईनलाही खातो. त्यामुळे हवेचा डोस हातानं अंदाजे सोडणारा ऑपरेटर असेल तर आधी त्याच्याशी बोला.

एचटूएस ॲमाईनच्या आधीच काढा. ॲमाईन तो पकडेल, प्रश्न तो नाही, पण मग तो स्ट्रिपरमधून सीओटूच्या व्हेंटबरोबर बाहेर पडेल आणि गावातून फोन येतील. शिवाय लोखंडाबरोबर आयर्न सल्फाईडची काळी बारीक पूड होते, ती फोमिंगला, म्हणजे सोल्युशनला फेस यायला, खतपाणी.

पायरी २: कुठलं ॲमाईन

एमईए (मोनोइथॅनॉलॲमाईन) जलद आणि स्वस्त, पण सीओटूच्या एका रेणूला स्वतःचे दोन रेणू अडकवतं, त्यामुळे लोडिंग, म्हणजे ॲमाईनच्या एका रेणूमागे पकडलेला सीओटू, ०.५ च्या आसपास थांबतं. घट्ट पकडतं म्हणून सोडवायला उष्णता जास्त लागते, आणि लोखंड खाण्यात पहिला नंबर, म्हणून साध्या युनिटमध्ये ते १५-२० टक्केच ठेवतात, इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) असेल तर ३० पर्यंत. एमडीईए (मिथाईलडायइथॅनॉलॲमाईन) टर्शरी आहे, म्हणजे त्याच्या नायट्रोजनला मोकळा हायड्रोजन नाही, ते सीओटूला थेट धरत नाही, पाण्याच्या मदतीने बायकार्बोनेट करतं, उष्णता कमी लागते पण फार आळशी. म्हणून त्यात थोडं पायपरॅझीन, हे दुसरं जलद ॲमाईन, टाकतात, ते धावपळ करतं आणि पकडलेलं एमडीईएच्या हवाली करतं. खत कारखान्यांत अमोनियाच्या सिंथेसिस गॅसवर हेच ॲक्टिव्हेटेड एमडीईए बऱ्याच ठिकाणी आहे.

चिमणीच्या गॅसला, जिथे ऑक्सिजन भरपूर आणि दाब शून्य, तिथे वेगळं सॉल्व्हंट लागतं. इफ्को या खत कंपनीच्या उत्तर प्रदेशातल्या आंवला आणि फुलपूरला २००६ मध्ये रिफॉर्मर भट्टीच्या फ्ल्यू गॅसमधून (चिमणीच्या गॅसमधून) रोज ४५० टन सीओटू काढायची युनिट्स आली, तो सीओटू युरियाला जातो, तिथं मित्सुबिशीचं खास ॲमाईन आहे. आपल्या सीबीजीला एमडीईए अधिक पायपरॅझीन ठीक बसतं, मी पुढे ३५ टक्के एमडीईए, ५ टक्के पायपरॅझीन, बाकी डीएम (क्षार काढलेलं) पाणी असं धरतोय. व्हेंडर गुपित मिश्रण म्हणून काहीही नाव देऊ दे, त्याच्याकडून घटकांचे टक्के लेखी घ्या, नाहीतर पुढे टॉपअपच्या वेळी तो सांगेल तो भाव.

पायरी ३: सर्क्युलेशनचा हिशोब, पाठकोऱ्या कागदावर

कच्चा गॅस ५०० नॉर्मल घनमीटर तासाला, सीओटू ४० टक्के. म्हणजे २०० घनमीटर सीओटू, भागिले २२.४ (एका किलोमोलचे घनमीटर), साधारण ८.९ किलोमोल, वजनात ३९३ किलो तासाला. मिथेन ३०० घनमीटर, म्हणजे दिवसाला ५ टनांच्या वर, सगळे ज्याला पाच टनी प्लांट म्हणतात तो हाच.

आता सोल्युशन. एक घनमीटर म्हणजे अंदाजे १०४० किलो, त्यात एमडीईए ३६४ किलो भागिले रेणुभार ११९ म्हणजे ३.०५ किलोमोल, पायपरॅझीन ५२ किलो भागिले ८६ म्हणजे ०.६, एकूण ३.६५. जवळपास वातावरणाच्याच दाबावर चालणाऱ्या ॲबसॉर्बरमध्ये रिच लोडिंग ०.४० धरा आणि लीन ०.१०. फरक ०.३०, म्हणजे एक घनमीटर सोल्युशन एका फेरीत १.१ किलोमोल उचलतं. ८.९ भागिले १.१, तासाला ८ घनमीटरच्या थोडं वर. पंप १० चा घ्या.

आता गंमत बघा. स्ट्रिपिंग ढिलं पडलं आणि लीन ०.१० ऐवजी ०.२० आलं, तर फरक ०.२०, आणि तेवढाच सीओटू काढायला सर्क्युलेशन १२ च्या वर लागेल. तुमचा पंप १० चा. ऑपरेटर व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो, जास्त ॲमाईन स्ट्रिपरला जातं, रिबॉयलर तेवढाच, म्हणजे प्रत्येक लिटरला वाफ आणखी कमी मिळते, लीन आणखी बिघडतं. आउटलेटला सीओटू वाढतोय म्हणून सर्क्युलेशन वाढवणं हे तहान लागली म्हणून खारं पाणी पिण्यासारखं आहे. आधी स्टीम बघा.

पायरी ४: उष्णता, म्हणजे खरा खर्च

एक किलो सीओटू सोडवायला साधारण ३.५ मेगाज्यूल धरा, डिझाईन वाईट असेल तर ४ च्या वर. ३९३ किलोला तासाला १३७५ मेगाज्यूल, म्हणजे ३ बारची स्टीम साडेसहाशे किलो.

गाळप हंगाम चालू आहे तोवर कारखाना स्टीम देतो, बगॅसचा बॉयलर, कुणी विचारत नाही. पण ती असते टर्बाईनची एक्झॉस्ट, गेजवर दाब १.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या आसपास, तापमान १२७ अंश. तुमचा रिबॉयलर ११८ ला उकळतोय, मध्ये फक्त ९ अंश, म्हणजे रिबॉयलरचं क्षेत्रफळ भरपूर लागतं आणि स्ट्रिपरचा दाब जितका कमी ठेवाल तितकं बरं. दुसऱ्या बाजूला कुणीतरी म्हणतो, मग ८ बारची लाईव्ह स्टीमच देऊ की. नका. १७५ अंशाच्या ट्यूबला चिकटलेलं ॲमाईन भाजून निघतं, सोल्युशन काळं पडतं आणि जे डिग्रेड झालं ते परत येत नाही. दाब ३ वर आणा, सुपरहीट घालवा, मग द्या. रिबॉयलरमधलं सोल्युशन १२० च्या पुढे जाऊ देऊ नका.

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की खरा प्रश्न. प्रेसमड साठवून डायजेस्टर चालू, पण बॉयलर बंद. मग स्वतःचा छोटा बॉयलर बायोगॅसवर चालवायचा, आणि हिशोब केला तर तासाला ७५ घनमीटर कच्चा गॅस, म्हणजे १५ टक्के माल, वाफेला जातो. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ही ओळ मी फार कमी वेळा बघितली. ॲमाईनच्या बाजूने बोलायचं तर मिथेनचा लॉस जेमतेम ०.१ टक्का, नुसत्या पाण्याने सीओटू धुऊन काढणाऱ्या वॉटर स्क्रबरपेक्षा खूपच कमी, आणि लीन कूलर व कंडेन्सरमध्ये जी उष्णता आपण कूलिंग टॉवरवर फेकून देतो ती ५०-६० अंशाचं पाणी करून डायजेस्टर तापवायला चालते. थंडीत तर हमखास. हे पायपिंग पहिल्या दिवशीच करून घ्या, नंतर कुणी पैसे देत नाही.

पायरी ५: मटेरियल

गरम रिच जिथे जिथे जातं, म्हणजे एक्स्चेंजरच्या पुढची रिच लाईन, स्ट्रिपरचा वरचा भाग, कंडेन्सर, रिबॉयलर ट्यूब, तिथे स्टेनलेस. थंड लीनला कार्बन स्टील चालतं. पितळ, तांबं, गॅल्व्हनाईज्ड काहीही नको, ॲमाईन ते खातं. आणि हे मोठ्या वस्तूंत कुणी चुकत नाही, चुकतात प्रेशर गेजच्या पितळी सॉकेटमध्ये. व्हिटॉनच्या ओ-रिंगसुद्धा ॲमाईनमध्ये फुगतात, पीटीएफई किंवा ईपीडीएम वापरा. कार्बन स्टीलच्या वेल्डला स्ट्रेस रिलीव्ह करून, म्हणजे तापवून आतला ताण काढून, घ्या. २३ जुलै १९८४ ला अमेरिकेत रोमिओव्हिलच्या रिफायनरीत एमईएचा ॲबसॉर्बरच वेल्डपाशी फाटला, १७ माणसं गेली. तिथे गॅसमध्ये एचटूएस आणि प्रोपेन, ब्यूटेन होतं, आपल्याकडे परिस्थिती वेगळी, पण ॲमाईनच्या भांड्यावर साईटवर घाईत वेल्ड मारू नये एवढं त्यातून घ्याच.

पायरी ६: धुणं

याला चार दिवस लागतात आणि प्रत्येक मालक म्हणतो दोन दिवसांत उरका. नवीन पायपात कटिंग ऑईल, गंज, वेल्डिंगची कचकच, टॉवरमध्ये भरलेल्या पॅकिंगवर कंपनीचं तेल. आधी पाण्याने फ्लशिंग, मग २-३ टक्के कॉस्टिक किंवा सोडा ॲशचं गरम सोल्युशन, ७०-८० अंशावर, सगळ्या चक्रातून दिवसभर फिरवा, ड्रेन करा, मग डीएम पाण्याने धुवत राहा. कधी थांबायचं? बाटलीत ते शेवटचं पाणी अर्धं घ्या, थोडं ताजं ॲमाईन घाला, जोरात हलवा. फेस पाच-दहा सेकंदात मोडला तर ठीक, तसाच उभा राहिला तर अजून एक फेरी. पंपाच्या सक्शनला स्टार्टअप स्ट्रेनर ठेवा आणि पहिल्या आठवड्यात रोज काढून बघा.

पायरी ७: भरणं आणि चालू करणं

पाणी फक्त डीएम किंवा स्वच्छ कंडेन्सेट. एका साईटवर डीएम प्लांट रिजनरेशनला होता आणि रात्रपाळीत लेव्हल कमी दिसली म्हणून बोअरचं पाणी सोडलं गेलं, एकदाच नाही, आठवडाभर. कॅल्शियम रिबॉयलरच्या ट्यूबवर बसलं, क्लोराईड सोल्युशनमध्ये राहिलं, आणि त्याच प्लांटचे लोक मला फोनवर विचारत होते की तुमचं ॲमाईन खराब होतं का. खराब काय होतं ते तुम्हीच ठरवा.

सिस्टीम नायट्रोजनने पर्ज करा, म्हणजे आतली हवा हाकलून द्या, ऑक्सिजन १ टक्क्याच्या खाली. ॲमाईनच्या टाकीवर आणि संपवर नायट्रोजनचं ब्लँकेट कायमचं. मग सोल्युशन भरा, थंड फिरवा, लेव्हल स्थिर झाल्या की हळूहळू स्टीम द्या, तासाला २५-३० अंशापेक्षा जास्त घाई नको. स्ट्रिपरच्या डोक्यावर तापमान ९५-१०० ला आलं, रिफ्लक्स (कंडेन्सरमधून परत येणारं पाणी) पडायला लागला, की समजा स्ट्रिपर श्वास घेतोय. मगच गॅस घ्या, आधी ३० टक्के, एक तास थांबा, मग ५०, मग पुढे. लीन ४० अंशाला ठेवा. ॲबसॉर्बरच्या खालून रिच ५५-६० ला आलं तर घाबरू नका, सीओटू शोषला की उष्णता निघतेच, ते काम होत असल्याचं लक्षण आहे. रिच अचानक ४५ ला उतरलं तर मात्र शोषण बिघडलंय, आणि हे ॲनालायझरच्या आधी कळतं.

पायरी ८: रोजची लॅब

महागडं काही लागत नाही. पहिली टेस्ट स्ट्रेंथची: २ ग्रॅम सॅम्पल, पाणी, ०.५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड, इंडिकेटर. पहिल्या दिवशी ताज्या बॅचचं ब्युरेट रीडिंग लिहून ठेवा, आपल्या मिश्रणाला साधारण १६ मिलीच्या आसपास येईल, आणि पुढे रोज त्याच्याशी ताडून बघा. यातून एकूण अल्कलिनिटी कळते, पायपरॅझीन वेगळं किती उरलंय ते नाही, त्यासाठी तीन महिन्यांनी सप्लायरच्या लॅबला सॅम्पल पाठवा.

दुसरी लोडिंगची, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. गॅस ब्युरेटला जोडलेल्या बंद फ्लास्कमध्ये १ मिली सॅम्पलवर ॲसिड सोडा, नीट हलवा, जेवढा सीओटू निघेल तो मोजा. आपल्या सोल्युशनला ०.४० लोडिंगवर अंदाजे ३५ मिली गॅस निघतो, ०.१० वर ९ मिली. लीनचा आकडा १२-१३ च्या पुढे जायला लागला की रिबॉयलरकडे पळा. सॅम्पल कूलरमधून थंड करूनच घ्या, गरम रिच उघड्या बाटलीत धरलं की अर्धा सीओटू तिथेच उडतो आणि तुम्ही खूश होऊन बसता.

स्ट्रेंथ वाढलेली दिसली तर पाणी कमी झालंय, ॲमाईन नाही. गॅस आणि व्हेंटबरोबर रोज शे-दोनशे लिटर पाणी सहज जातं. लेव्हल पडली की ॲमाईनचा ड्रम ओतायची सवय मोडा, आधी टायट्रेशन, मग ठरवा. महिन्यातून एकदा हीट स्टेबल सॉल्ट (उष्णतेने न मोडणारे क्षार) आणि लोह तपासून घ्या. फॉर्मेट, ॲसिटेट, ऑक्झलेट हे ॲमाईनला कायमचं अडकवतात, स्ट्रिपरमध्ये सुटत नाहीत, आणि बायोगॅसला ॲसिटेट डायजेस्टरच्या थेंबांतूनही येतं, म्हणून आधीचा नॉकआउट (थेंब खाली पाडणारं भांडं) आणि डिमिस्टर (थेंब अडवणारी जाळी) फार कामाचे. सोल्युशनच्या २ टक्क्यांच्या पुढे गेलं की रिक्लेमिंग (ॲमाईन उडवून घाण मागे ठेवणं) किंवा आयन एक्स्चेंज. कॅनडातल्या बाउंड्री डॅम वीज केंद्रात २०१४ मध्ये एवढं मोठं कॅप्चर युनिट चालू झालं, तिथेही फ्लाय ॲश (कोळशाची उडती राख) ॲमाईनमध्ये जाऊन भरपूर त्रास दिला. घाण बाहेरूनच येते.

एक बारीकशी गोष्ट: गॅसमध्ये अमोनिया असेल तर तो रिफ्लक्समध्ये साठत जातो आणि सीओटूबरोबर पांढरा क्षार होऊन कंडेन्सरच्या पुढे, थंड व्हेंट लाईनमध्ये बसतो. स्ट्रिपरचा दाब उगाच चढतोय आणि कंट्रोल व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तर तिथे बघा. अधूनमधून थोडा रिफ्लक्स बाहेर काढा आणि तेवढं डीएम पाणी घाला.

पायरी ९: फोमिंग

ॲबसॉर्बरचा डीपी (खालच्या-वरच्या दाबातला फरक) नाचायला लागतो, खालची लेव्हल अचानक पडते, आउटलेटच्या नॉकआउटमध्ये ॲमाईन दिसतं. गॅस लगेच ६०-७० टक्क्यांवर आणा. अँटीफोम लीन पंपाच्या सक्शनला, अगदी थोडा, १० पीपीएमच्या आसपास, आपल्या युनिटमध्ये भरलेल्या ६-७ टन सोल्युशनला ७० ग्रॅम, वाटीभरसुद्धा नाही. लोक लिटरभर ओततात, आणि जास्त अँटीफोमने स्वतःच फेस होतो, मग अजून ओततात. कार्बन फिल्टर तेवढ्यापुरता बायपास करा नाहीतर तो अँटीफोम गिळून टाकेल. फेस बसला की कारण शोधा: ब्लोअरचं तेल, डायजेस्टरचा फेस गॅसबरोबर आला का, फिल्टर किती दिवसांत बदलला नाही. सर्क्युलेशनच्या १० ते २० टक्के भाग कायम १० मायक्रॉनच्या फिल्टरमधून, मग कार्बनमधून, आणि कार्बनची पूड अडवायला पुन्हा एका फिल्टरमधून जायला हवा. शेवटचा फिल्टर वाचवणारे नंतर रडतात.

सेफ्टी

सीओटूचा व्हेंट उंच न्या. हवेपेक्षा दीडपट जड वायू, सकाळी वारा नसला की खड्ड्यात, पंपाच्या पिटात, संपमध्ये बसतो. आठ तासांची मर्यादा ५००० पीपीएम, ४०,००० ला जीव धोक्यात. फक्त ऑक्सिजन मीटर घेऊन संपमध्ये उतरू नका, ऑक्सिजन फारसा पडायच्या आत सीओटू मारक पातळीला गेलेला असतो, सीओटूचा वेगळा मीटर हवा, आणि मिथेनचाही. पायपरॅझीनची ॲलर्जी एकदा लागली की माणूस त्या प्लांटवर राहू शकत नाही, त्यामुळे हातमोजे, गॉगल, आणि आयवॉश चालू आहे का ते शिफ्टच्या सुरुवातीला पाणी सोडून बघायचं.

बंद करताना

हंगाम संपून युनिट दोन महिने थांबणार असेल तर गॅस बंद केल्यावर लगेच स्टीम तोडू नका. गॅसशिवाय तीन-चार तास गरम फिरवा, सगळंच सोल्युशन लीन करा, मग थंड करून टाकीत घ्या, रिच भरलेली लाईन तशीच ठेवली तर आतून खात बसते. टाकीवर नायट्रोजन, आठवड्याला दाब बघायला कुणाचं तरी नाव लिहून. आणि बंद करायच्या दिवशी सोल्युशनची एक काचेची बाटली भरून, तारीख टाकून लॅबच्या कपाटात ठेवा. पुन्हा चालू करताना टाकीतलं सॅम्पल तिच्या शेजारी उभं करा, दोन्ही हलवून बघा, रंग आणि फेस सारखा असेल तरच स्टीम सोडा.